ज्याचा दोराला हात, त्याला वाटा

आमच्या बजाजनगरात समुद्र नाही, हे सांगण्याची गरज नाही. तरी सांगतो, कारण आमच्या घरात मासळी मात्र आठवड्यातून एकदा तरी असतेच. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि जालना, परभणी, बीड, बुलढाण्याकडची आपली माणसे इथे कामाला आली. त्यांच्याबरोबर भाकरी आली, ठेचा आला आणि सुकटीची चटणीही आली. आठवडी बाजारात सुकट, बोंबील, खारा बांगडा घेऊन बसणाऱ्या बाईच्या पथारीभोवती पहिल्या शिफ्टवरून सुटलेल्या कामगारांची गर्दी असते. जायकवाडीचा रोहू-कटला रविवारी मिळतो तो वेगळा. सुकट तव्यावर टाकली की शेजारी खिडकी लावून घेतात, हाही आमच्याकडचा नेहमीचाच अनुभव. असो.

एके दिवशी आमच्या धाकटीने ताटातल्या खाऱ्या बांगड्याकडे बघून विचारले, "पप्पा, हा कुठे पकडला असेल?" मी म्हणालो, "मुंबईला." उत्तर देऊन मोकळा झालो. हिशेब खात्यात वीस वर्षे कारकुनी केलेला माणूस. येणाऱ्या प्रत्येक मालाचे चलन तपासतो, पण घरात येणाऱ्या मालाचे चलन कधी पाहिले नव्हते.

ते पाहण्याचा योग मागच्या जानेवारीत आला. आमच्या कंपनीतल्या एका मित्राच्या बहिणीचा मंगल परिणय होता. मित्र मूळचा मालवण तालुक्यातला. मालवणपासून काही किलोमीटरवर त्यांची बौद्धवाडी, आणि तिथून पायी समुद्र. इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. रात्रीची एस.टी. धरून कोल्हापूर, तिथून फोंडाघाट उतरून कणकवली, कसाल आणि मालवण. घाट उतरला तशी हवा जड झाली, कौलारू घरे आणि माड दिसू लागले. धाकटी खिडकीला नाक लावून बसली होती. तिला समुद्र पाहायचा होता आणि मला झोप काढायची होती.

पण तिसऱ्या दिवशी पहाटे मित्राच्या आईने आम्हाला उठवले. मित्राच्या आईला सगळी वाडी 'आये' म्हणते, म्हणून मीही आयेच म्हणतो. दारात उभी राहून ती म्हणाली, "रापण लागली हा. येतास?"

रापण म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला सांगावे लागते. समुद्रात होडी घालून दूर जायचे आणि मासे धरायचे, एवढेच आपल्याला माहीत. रापण ही किनाऱ्यावर पाय रोवून करायची मासेमारी. जाळे समुद्रात असते, पण ओढणारी माणसे वाळूत असतात. मालवणच्या दांडी, चिवला, वायरी या किनाऱ्यांवर, पुढे तारकर्ली-देवबागपर्यंत ही पद्धत जुन्या काळापासून आहे. दांडीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले. इथले गाबीत समाजाचे मच्छीमार तेव्हाही याच पाण्यावर जगत असणार. किल्ला पाहायला येणारी माणसे होडीत बसून निघून जातात, त्यांच्या पाठीमागे वाळूत काय चालले आहे ते फार थोडे जण पाहतात.

आम्ही पोचलो तेव्हा पुरते उजाडले नव्हते. दोन-तीन म्हातारे वाळूत उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. त्यांना पाण्यात काय दिसत होते, ते मला काही दिसले नाही. पाण्याचा एक पट्टा जरा काळसर होता आणि वर पक्षी घिरट्या घालून सूर मारत होते. मासळीचा थवा किनाऱ्याजवळ आला, की अशी खूण पडते. म्हाताऱ्यांपैकी एकाने हात वर केला आणि होडी पाण्यात ढकलली गेली.

आता नीट लक्ष द्या, कारण यंत्र म्हणावे असे इथे काहीच नाही. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतो. होडी जाळे सोडत सोडत समुद्रात जाते, अर्धगोल वळसा घेते आणि तीन-चारशे पावलांवर दुसऱ्या टोकाचा दोर किनाऱ्याला आणून देते. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणारे गोळे असतात आणि खालच्या कडेला वजन, त्यामुळे ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. मध्यभागी पिशवीसारखा भाग असतो. मग दोन्हीकडची माणसे दोर ओढू लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकांच्या जवळ सरकत जातात आणि शेवटी पिशवी वाळूला लागते. पूर्वी दोर काथ्याचे आणि जाळे सुताचे असे, आता दोन्ही नायलॉनचे असतात. होडीला वल्ह्यांऐवजी इंजिन आले. बाकी सगळे हातांनीच.

मी हात मागे बांधून पाहत उभा होतो. ऑफिसात साहेब मशीनपाशी उभे राहतात, तसा. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मागे वळून पाहिले आणि म्हणाला, "बघीत कित्याक रवलास? दोर धरा."

धरला. धाकटीनेही धरला. वाचकहो, टेबलावर बसून काम करणाऱ्याला दोर म्हणजे काय ते पहिल्या दहा मिनिटांत समजते. ओला नायलॉनचा दोर तळव्यात सरकतो आणि कातडी सोलतो. पाय वाळूत रुततात. लाट आत जाताना दोर आपल्यालाच ओढून नेतो. लाट बाहेर येते त्या क्षणी सगळ्यांनी मिळून ओढायचे असते. हे कोणी शिकवत नाही. पुढच्याच्या पाठीकडे बघून शिकायचे. रांगेत मच्छीमार होते, माडाचे काम करणारा एक गडी होता, शाळेत जायच्या आधी आलेली दोन पोरे होती, पुण्याचे एक पर्यटक जोडपे हौसेने आले होते. आयेही होती, लुगडे खोचून, माझ्या पुढे. साठी ओलांडलेली बाई. तिचा दोर एकदाही ढिला पडला नाही.

दीड-दोन तास गेले. शेवटच्या टप्प्यात माणसे कमरेइतक्या पाण्यात शिरली, जाळ्याच्या दोन्ही बाजू जवळ आल्या आणि पाणी अचानक उकळावे तसे खळबळले. चांदीचा रस ओतावा तशी तारली. तारली, पेडवे, थोडे बांगडे, मूठभर सुंगटा, दोन-चार म्हाकूल. धाकटी किंचाळली. कावळे, कुत्री आणि लहान पोरे एकदमच धावली. जाळ्यातून सुटून वाळूत पडलेला मासा पोराने उचलला, तर त्याला कोणी हटकत नाही.

मग हिशेब सुरू झाला आणि माझी खरी जिज्ञासा तिथे जागी झाली.

रापण कोणा एका मालकाची नसते. तिचा संघ असतो. आम्ही ज्या रापणीला हात लावला, तिथे जाळे संघाचे, म्हणजे सगळ्यांचे. टोपल्या भरल्या, लिलाव बोलला गेला, मासळी गाडीत गेली. आलेल्या पैशातून आधी इंधन आणि जाळ्याच्या डागडुजीचे पैसे बाजूला काढायचे. उरलेल्याचे वाटे पाडायचे. होडी आणि जाळ्याचे काही वाटे, बाकी माणशी एक. प्रत्येक संघाचा हिशेब थोडाफार वेगळा असतो, पण तत्त्व हेच. समजा सहा हजारांची मासळी गेली, हजार खर्चाला निघाले, राहिले पाच हजार. होडी-जाळ्यासह पंचवीस वाटे झाले, तर एका वाट्याला दोनशे रुपये. संघाची वही मी मागून घेऊन पाहिली. साधी शाळेची दोनशे पानी वही. कधी एका वाट्याला आठशे, कधी साठ, कधी नुसतीच आडवी रेघ. रेघ म्हणजे त्या दिवशी जाळे रिकामे आले. पण रिकाम्या दिवशी ज्यांनी ओढले, त्यांचीही नावे वहीत होती.

वाळूजमध्ये कंत्राटी कामगाराला काम नसेल त्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतात. तो आला होता, याची नोंद कुठेही होत नाही. मला ते आठवले, म्हणून लिहिले.

आणि संघात नसून आयत्या वेळी हात लावणारे जे असतात, म्हणजे माडावरचा गडी, शाळेची पोरे, आम्ही, त्यांना पैसे नाहीत, पण कालवणापुरती मासळी द्यायचीच. आमच्या समोर ओंजळ-दोन ओंजळी तारली वर्तमानपत्रात बांधून आली. मी संकोचाने नको म्हणालो. आम्ही पाहुणे, ओढले ते काय आणि किती! त्या म्हाताऱ्याला माझा संकोच समजलाच नाही. "घेवा, दोर धरलास मां!" एवढेच म्हणून तो पुढच्याकडे वळला.

परत येताना आयेने वाटेत एक गोष्ट सांगितली. तिच्या सासूच्या काळीही वाडीतली माणसे रापण ओढायला जात. दोराला माणूस लागतो, तेव्हा दोर धरताना जात विचारत नसत. विचारत ती मासळी देताना. इतरांच्या टोपलीत हाताने मासळी घालायचे आणि वाडीच्या माणसांसमोर वाळूत टाकायचे. सासू ती उचलून समुद्राच्या पाण्यात धुवायची आणि घरी आणायची. १९५६ नंतर काही वर्षांनी वाडीतल्या तरुणांनी ठरवले, की वाळूत टाकलेला वाटा उचलायचा नाही. दोन हंगाम कोणी दोर धरला नाही. तिसऱ्या हंगामात बोलावणे आले आणि मासळी टोपलीत पडली. आयेने हे सगळे अगदी शांतपणे सांगितले, जणू पावसापाण्याचे बोलत होती. धाकटी मात्र हातातल्या कागदाच्या पुडीकडे बघतच राहिली.

दुपारी आयेने त्याच तारल्यांचे तिखले केले. तिरफळे, कोकम, लाल मिरची, अंगापुरते पाणी. त्या घरात बसून जेवताना मला कोकणातली दुसरी वाटणी आठवली. समुद्राकडे पाठ करून जरा वर चढले, की जमीन लागते, आणि त्या जमिनीवर एके काळी खोत होता. कसणारा वेगळा आणि पिकाचा वाटा नेणारा वेगळा. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्या मोर्चात कोकणातली कुळे होती, महार होते, कुणबी होते. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. राबणाऱ्याचा वाटा किती, हा तिथला प्रश्न होता. गंमत अशी, की त्याच कोकणात, जमीन संपून वाळू सुरू होते तिथे, राबणाऱ्याचा वाटा वहीत लिहून ठेवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. मानाने वागवण्यात ती कमी पडली, हे आयेच्या सासूने भोगले. पण वाटणीचा हिशेब त्यांना येत होता.

समुद्रातली चंची

आता ही रापण संपत चालली आहे. चित्र सुंदर म्हणून मी ते लिहिले, असे वाचकांना वाटू नये, म्हणून पुढचे सविस्तर लिहितो.

रापण मासळीच्या मागे जात नाही. मासळी किनाऱ्याला येईल तेव्हाच तिला मिळते. पुढच्या पाण्यातच कोणी थवा उचलला, तर किनाऱ्यावरच्या माणसाने दोर धरून काय ओढायचे? पर्ससीन नावाचे जाळे नेमके हेच करते. आपल्या आज्या पान-सुपारीची चंची वापरत. नाडी ओढली की तोंड बंद, आतले बाहेर पडत नाही. पर्ससीन ही समुद्रातली चंचीच. यांत्रिक बोट थव्याभोवती जाळ्याचा गोल टाकते आणि खालची नाडी यंत्राने आवळते. तारली, बांगडा ही थव्याने राहणारी मासळी; थवाच्या थवा एका खेपेत वर येतो. त्यात भर एलईडी दिव्यांची. जनरेटर लावून रात्री पाण्यावर प्रखर उजेड सोडायचा, मासळी उजेडाला जमते, मग जाळे टाकायचे.

हे काही आजचे नाही. शेजारच्या कर्नाटकात १९७५ च्या सुमारास पर्ससीन बोटी आल्या आणि कारवार-मंगळूरच्या किनाऱ्यावरची मोठमोठी रांपण जाळी पुढच्या काही वर्षांतच जवळजवळ बंद पडली. रांपण ही आपल्या रापणीचीच थोरली बहीण. गोव्यात ओढणाऱ्यांना रांपणकार म्हणतात. गोव्याचे रांपणकार गप्प बसले नाहीत. माथानी साल्ढाणा या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली ते सत्तरीच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरले. किनाऱ्याजवळचे पाणी छोट्या मच्छीमारांसाठी राखून ठेवा, एवढीच मागणी. देशभरच्या अशा लढ्यांमुळे १९८०-८१ मध्ये केरळ, गोवा आणि महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. योगायोग असा, की सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला.

कायदा झाला, पण यंत्रे वाढतच गेली. मालवणी मच्छीमारांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले; हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठरवला. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याने जुन्या कायद्यात दुरुस्ती करून दंडाची रक्कम लाखांत नेली. कागदावर सगळे ठीक आहे. पण किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते, आणि महाराष्ट्राचा किनारा शेकडो किलोमीटर लांब. एवढ्या पाण्यावर रात्री दिवा कोणी लावला, हे पाहायला गस्ती बोटी किती लागतील, याचा हिशेब कोणत्याही कारकुनाला करता येईल. वाडीतल्या पोरांनी मला रात्री किनाऱ्यावर नेले आणि क्षितिजाकडे बोट दाखवले. तिथे लांबवर दिव्यांची एक ओळ होती. त्यात कायदेशीर किती आणि बेकायदा किती, हे मी सांगू शकत नाही. पण सकाळी रापणीच्या वहीत आडवी रेघ पडली की पोरे त्या ओळीला शिव्या देतात, एवढे पाहिले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पर्ससीन बोटीवरचे खलाशी काही धनवान नाहीत. त्यात कोकणातली गरीब पोरे आहेत, कर्नाटकातली आहेत, थेट नेपाळहून आलेलीही आहेत. बोट मालकाची, कर्ज बँकेचे. हप्ता भरायचा तर जाळे भरले पाहिजे, आणि जाळे भरले तरी खलाशाच्या हातात मालक देईल तेवढेच. शिवाय रापणीचे जाळेही बारीक आसाचे असते, त्यात लहान पिल्ले येतात, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप खोटा नाही. त्या दिवशी आमच्या टोपलीतही बोटाएवढी पिल्ले होती. म्हाताऱ्याने ती जाळ्यातून काढून पाण्यात भिरकावली खरी, पण सगळी जगली असतील असे नाही. फरक प्रमाणाचा आहे. हाताने ओढायचे जाळे हाताएवढेच ओढू शकते.

समुद्रही बदलला आहे. केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली होती. २०२१ साली तीच साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. पाण्याचे वाढते तापमान, एल निनोचा फेरा आणि पिल्ले वाढण्याआधीच मारली जाणे, अशी कारणे सांगितली जातात. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने मालवणच्या किनाऱ्यावर होड्या-जाळ्यांची वाताहत केली. ज्यांची जाळी गेली, त्यातल्या काहींनी पुन्हा घेतली नाहीत. पोरांना स्कूबा डायव्हिंगच्या बोटीवर रोजचे पैसे मिळतात, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देता येतात. त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपणही शेती सोडून कारखान्याच्या गेटवर आलोच की.

तारली जाते कुठे?

आणखी एक गोष्ट, जी मला मालवणच्या जेटीवर समजली आणि जी बजाजनगरच्या प्रत्येक घराशी संबंधित आहे. तारली ही गरिबाची मासळी. स्वस्त, तेलकट, अंगाला लागणारी; बाळंतिणीला, वाढत्या पोराला उत्तम. पण मोठ्या बोटींनी ढिगाने आणलेल्या तारलीतली बरीचशी माणसाच्या ताटात येतच नाही. ती फिशमीलच्या कारखान्यात जाते. असे कारखाने कोकण, गोवा, कर्नाटकच्या किनाऱ्यावर आहेत. तिथे तारली उकडून, तेल काढून, वाळवून तिची भुकटी करतात. ती भुकटी कोळंबीच्या तळ्यांत जाते, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे आपण रविवारी ब्रॉयलर आणतो, त्या कोंबडीने कदाचित आपल्या वाट्याची तारली आधीच खाल्लेली असते. तारली किनाऱ्याला उतरली असती, तर दहा रुपयांची आयेच्या चुलीवर आणि दहा रुपयांची खारवून आमच्या बाजारात आली असती. बोंबील आणि सुकट रापणीतली नसतात. ती मुंबई, पालघर, रायगडकडची, वेगळ्या जाळ्यांची. पण वाळवलेला पेडवा, खारवलेला बांगडा हा या किनाऱ्याचाही असतो. धाकटीच्या प्रश्नाला मी 'मुंबई' म्हणून दिलेले उत्तर निदान अर्धे चुकीचे होते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. चांगली गोष्ट. कर्ज, विमा, विजेचा दर यांत मच्छीमाराला शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात, हा हेतू. पण कारकुनाची एक शंका आहे. सवलत मिळते ती कागदाला. बोटीचा परवाना ज्याच्या नावावर, तो मच्छीमार. जो नुसता दोर ओढतो, त्याचे नाव कोणत्या सरकारी कागदावर आहे? आयेसारख्या बाया आयुष्यभर दोर ओढत आल्या, टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव मासळी विकत आल्या. त्यांच्याकडे दाखवायला काय आहे? शेतीतही असेच झाले. सात-बारा ज्याचा, तो शेतकरी, आणि शेतमजूर यादीबाहेर. इथे निदान ती दोनशे पानी वही आहे. तिच्यात नावे आहेत, तारखा आहेत. सागरी मच्छीमारांच्या योजना गावात येतील, तेव्हा वाडीतल्या शिकलेल्या पोरांनी ती वही घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे, वहीतल्या प्रत्येकाचे नाव नोंदवण्याचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, असे मी मित्राला सांगितले. अर्जाचा मसुदा तिथेच बसून करून दिला. पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही, हे दोनदा सांगितले.

निघायच्या दिवशी पुन्हा रापण लागली. हाताला फोड आले होते, तरी गेलो. धाकटीने आयेच्या जुन्या साडीची चिंधी तळव्याला बांधून घेतली होती. दोन तास ओढले. पिशवी वाळूला लागली, तेव्हा आत प्लॅस्टिकच्या बाटल्या, फुगीर जेलीफिश आणि टोपलीभरही नाहीत इतके पेडवे. लिलाव करण्यासारखे काही नव्हतेच. मच्छीमारांनी जेलीफिश पाण्यात ढकलले, बाटल्या एका बाजूला लोटल्या आणि पेडव्यांचे वाळूवर टोपल्या उपड्या घालून, त्यांच्यावर छोटे छोटे ढीग केले. मग एकाने ढिगांकडे पाठ केली. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारी, "हो कोणाचो?" आणि पाठमोरा एकेकाचे नाव घेई. कोणाला कोणता ढीग जाईल, ते नेमणाऱ्यालाही कळू नये, म्हणून ही तऱ्हा. एकोणीस ढीग झाले होते.

शेवटचा ढीग उरला तेव्हा बोट ठेवणाऱ्याने विचारले आणि पाठमोऱ्या माणसाने जरा आठवून, "वाळूजच्या चेडवाचो," असे उत्तर दिले. त्याला तिचे नाव माहीत नव्हते. मित्राने ते सांगितले, आणि वही घेऊन बसलेल्या माणसाने त्या तारखेखाली शेवटच्या ओळीत ते लिहिले.

अकरा पेडवे होते. धाकटीने दोनदा मोजले.